पिवळ्या स्टिकरचे मशरूम

मशरूमचं ते शेवटचं पाकीट आधी मी पाहिलं होतं, आधी मीच धरलं होतं... आणि तरी त्याच्या दुसऱ्या टोकाला एक हात होताच!

"सोडा," मी म्हटलं.

"तुम्ही सोडा." अंगावर बस-ड्रायव्हरचा गणवेश, चेहऱ्यावर हसू. ते हसू मला मुळीच आवडलं नाही.

मुदत संपत आलेल्या वस्तूंवर पिवळं स्टिकर लावून सुपरमार्केटवाले त्या कोपऱ्यातल्या फळीवर अर्ध्या किमतीला ठेवतात. दिवसभर लोकांच्या पँटच्या चेन बदलून, सैल झगे आत घेऊन मी शिवणकामाच्या दुकानातून सुटले की थेट तिथेच. माझी हक्काची फळी होती ती!

"काय करणार याचं?" त्याने विचारलं.

"पास्ता. तुम्ही?"

"पास्ताच. उकळायचा, पाणी ओतून द्यायचं, वर सॉस—"

"ओतून देता?" माझा आवाज असा चढला की काउंटरवरची बाई वळून बघायला लागली. "अहो, वाटीभर ठेवायचं असतं ते! त्यानेच सॉस पास्त्याला धरून राहतो. कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणीच नाही." त्याने पाकीट सोडलं. "तुम्ही शिकवाल?"

आगाऊ कुठला! पण... पुढच्या बुधवारी संध्याकाळी तो माझ्या ओट्यापाशी लसूण सोलत उभा होता. मऊ पडलेले टोमॅटो, मूठभर पालक, कडा सुकलेलं चीज. मंद आचेवर लसूण तेलात पडला आणि तो माझ्या खांद्यावरून वाकला.

"जळतोय."

"जळत नाहीये. लांब व्हा."

तो लांब झाला नाही. मीही पुन्हा सांगितलं नाही.

असे सात-आठ बुधवार गेले. मग एके दिवशी न सांगता दादा आला. ओट्यावरची पिवळी स्टिकरं बघितली, त्याच्याकडे बघितलं, आणि माझा सख्खा भाऊ म्हणाला, "माझ्या बहिणीला टाकाऊ माल खायला घालतोस? लाज नाही वाटत?"

ड्रायव्हरने हात पुसले, "येतो" म्हणाला आणि निघून गेला. ताट तसंच! दादाला मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण पुढच्या बुधवारी ड्रायव्हर आला नाही, तेव्हा मात्र माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी टाकून मी त्याच्या बसमध्ये चढले, बरोब्बर त्याच्या मागच्या सीटवर बसले. शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले.

"शेवटचा स्टॉप," तो आरशात बघत हळूच म्हणाला.

"माहितीये! निघून का गेलात?"

"दादा खोटं नाही बोलले. तुम्हाला चांगल्या हॉटेलात न्यायला हवं, आणि मी..."

"मी मागितलं होतं हॉटेल? ते जेवण माझं होतं! फळीवरून मी निवडलेलं, मी रांधलेलं! त्याला कुणी टाकाऊ म्हणतं आणि तुम्ही मान खाली घालून चालू पडता? आठवडाभर संतापाने सुया टोचून घेतेय बोटात!"

"आठवडाभर..." तो वळला. डोळे हसायला लागले होते. "माझाच विचार?"

"रागाने!"

"हो, हो... रागानेच." मग हसू मावळलं. "मला तू फार आवडतेस."

तू! पहिल्यांदाच. माझे कान तापले, पण मी हटले नाही. "हे दादासमोर म्हणायला काय झालं होतं?"

"लाव फोन."

मी खरंच लावला. पलीकडून दादाचा आवाज आला तसा तो सीटवरून उठून उभा राहिला, शर्ट नीट केला.

"दादा, तुमच्या बहिणीवर माझं प्रेम आहे," तो म्हणाला. "आणि पुन्हा तिच्या जेवणाला नावं ठेवलीत, तर त्या वेळी उठून जाणारा मी नसेन."