तिसऱ्या मजल्यावरची बहीण

सकाळी साडेनवाला फोन वाजला, तेव्हा फौजदार मेघा खिल्लारेचा सलग तिसऱ्या दिवसाचा बंदोबस्त आत्ता कुठं संपला होता. अंग नुसतं आंबून गेलेलं. पण हॉटेलातून बाई नाहीशी झाली म्हणल्यावर जावं तर लागतंच.

जालना रोडवरचं ते हॉटेल म्हणजे दिवसाच्या भाड्याचे फ्लॅटच. आत गॅस, भांडी, सगळं. वैजापूरचे काकासाहेब बहिणीला, साळूबाईला, दोन दिवस वेरूळ-मकबरा दाखवायला घेऊन आले होते. सकाळी ते नाश्ता आणायला खाली गेले, वर आले तर बहीण गायब. गेटवरच्या रामकिसननं कुणालाच बाहेर जाताना पाहिलं नव्हतं. फोन मॅनेजरनं केला होता, आणि पोलीस कशाला बोलावले म्हणून काकासाहेब त्याच्यावरच तणतणत होते. सफाईवाल्या मुक्ताबाईचाच काहीतरी हात असणार, तिला आधी कामावरून काढा, हेही सांगून झालं होतं. मुक्ताबाई जिन्यात मान खाली घालून उभी होती.

“बहिणीला शहराची माहिती आहे का?” मेघानं विचारलं.

“कशाची माहिती, मॅडम? अडाणी बाई. सही बी येत नाय, अंगठाबहाद्दर.”

मेघानं तिसऱ्या मजल्यावरचा त्यांचा फ्लॅट पाहिला. पाय दुखत होते, म्हणून ओट्याला टेकूनच. सिंकमध्ये दुधाचे दोन पेले, एकाच्या तळाशी पांढरा गाळ. कचऱ्याच्या डब्यात झोपेच्या गोळ्यांची रिकामी पट्टी. बाथरूमच्या दारावर टाकलेल्या टॉवेलाला निळी शाई.

खाली येऊन तिनं पाहुण्यांचं रजिस्टर मागितलं. काकासाहेबांची सही कशीबशी ओढलेली. तिच्याखाली साळूबाईची, पोरांना गिरवायला द्यावी इतकी वळणदार.

मेघानं मुक्ताबाईला बाजूला घेतलं.

“तिला त्याच्या हाती देणार नाही मी. कुठंय ती?”

मुक्ताबाईनं एकदा वर्दीकडं बघितलं. मग तिनं चादरींच्या खोलीचं कुलूप काढलं. आत साळूबाई बसली होती, वीस वर्षं अंगणवाडी चालवणारी. वडिलांच्या जमिनीत तिचाही हिस्सा आहे, एवढं तिच्याकडून कळल्यावर मेघा तिला काकासाहेबांपुढं घेऊन आली.

“काकासाहेब,” मेघा थकल्या आवाजात म्हणाली, “सही येणाऱ्या बाईचा अंगठा कधी घ्यावा लागतो? ती झोपलेली असली तर. रात्री दुधात गोळ्या घातल्या, जमिनीतला हिस्सा सोडल्याच्या कागदावर अंगठा उठवला, आणि तो खपावा म्हणून तिला अडाणी ठरवलं. सकाळी हिनं निळं बोट पाहिलं, टॉवेलाला पुसलं, तुम्ही खाली जाताच पळाली. बाहेर कुणी गेलं नव्हतं, म्हणजे ती इथंच. आणि सगळ्या खोल्यांच्या चाव्या मुक्ताबाईकडं. काढा तो कागद.”

कागद काकासाहेबांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशातून निघाला.

साळूबाईनं तो वाचला. 

“दादा, नुसतं मागितलं असतं तरी दिला असता रे. माहेर तुटू नये म्हणून मी देणारच होते.”

काकासाहेब घाईघाईनं म्हणाले, “मग दे की आता.”

“आता नाय,” साळूबाई म्हणाली. “आता हिस्सा बी नाय, अन् बहीण बी नाय तुला.” आणि मुक्ताबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडायला लागली.