लाल ठिपक्याचा भुंगेरा

पेला पहिला

बांड्या मेंढीचा पाय गेला तो थेट जमिनीत पुरलेल्या प्लास्टिकच्या पेल्यात.

"कोणाचं हो हे?" शिवकन्या ओरडली.

झुडपामागून एक पोरगा उठला. गुडघे चिखलाचे, चष्म्यावर भुरभुर पाऊस. सेनगावचा वैजनाथ, कॉलेजात किडे शिकणारा.

"माझंच. काळे भुंगेरे पकडून राहिलो. पेला जमिनीबराबर पुरला की चालता चालता पडतात आत."

"उडून जात न्हाईत?"

"यांना उडताच येत न्हाई. ज्या डोंगरावर जन्मले तिथंच… सगळा जन्म."

बोलता बोलता त्यानं तिच्याकडं पाहिलं. शिवकन्येनं मेंढरं मोजली. उगीच. दुसऱ्यांदा.

पेला चौथा

रिकामा.

पेला पाचवा

रिकामा.

"किडेवाले, आज काय घावलं?"

"तुमची थट्टा."

"ती तर रोजच घावतीय!"

पेला सहावा

पंधरा दिवस झाले. वैजनाथनं वही मिटली. "या डोंगरावर भुंगेरेच न्हाईत, असं लिहून देतो. सर म्हणले, उद्यापासून दुसरा डोंगर धर."

शिवकन्येनं हातातली काठी खाली टाकली.

"हायत की…"

"काय?"

"भुंगेरे. रोज पडत होते. तुमी यायच्या आधी मीच सोडून देत होते. कडेला चढायचं, घसरायचं, परत चढायचं — बघवंना मला."

तो मटकन खाली बसला. "पंधरा दिवस, शिवकन्या… काहून?" आवाजात राग नव्हता, हे जास्त लागलं तिला.

"आणि…"

"अजून आणि?"

"सोडताना पाठीवर ठिपका लावला. मेंढरांना लावतो तो लाल रंग. कळपातलं चुकलं तर वळखू यावं म्हणून."

वैजनाथनं मान वर केली. "किती जणांना?"

"एक्केचाळीस. त्यातले नऊ परत पडले. मेंढरं वळणाऱ्याची मोजणी हाय, चुकायची न्हाई. एक तर चारदा पडलं. येडं हाय ते."

तो हसतच सुटला. "अगं, हेच तर करायचं असतंय! खूण करून सोडायचं, परत किती येतात ते बघायचं. त्यावरून कळतं डोंगरावर एकूण किती हायत. माझं निम्मं काम केलंस तू!"

त्याच्या बोलण्यात तुमीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"म्हंजे… जायचं न्हाई?"

"इथली मोजणी होईस्तोवर तरी न्हाई."

पेला सातवा

तळाशी लाल ठिपक्याचा एक भुंगेरा. पाय झाडत होता.

"चारदा पडलेला तो हाच?"

"ह्योच. आता पाचव्यांदा."

"का पडत असंल सारखा?"

"तुमी शिकलेले. तुमीच सांगा."

"सोडणारीचा हात… आवडला असंल."

शिवकन्येनं कमरेची रंगाची डबी काढली. त्याचं मनगट धरलं आणि एक ठिपका टेकवला. लाल, ओला.

"हे कशाला?"

"दुसऱ्या डोंगरावर चुकलात, तर लोकं सांगतील कोणाच्या कळपातलं ते."

पाऊस वाढला. वैजनाथनं घाईघाईनं बाही ओढून मनगट झाकलं. चष्मा मात्र भिजू दिला.