तोंड ओळखू येईल तिथून इंजिन बंद

मेथीच्या धुतलेल्या जुड्या मी तलावाच्या काठावर मांडल्या आणि तेवढ्यात ती बोट सुसाट गेली. मागून लाट आली नि रिसोडच्या बाजाराला निघालेली माझी मेथी घेऊन गेली!

"ओ बोटवाले! डोळे फुटले काय?"

त्यानं बोट वळवली. इंजिन बंद करून, वल्ह्यानं एकेक जुडी गोळा करत तो काठाला आला. हाच तो शेजारच्या मालेगावचा आदर्श. ग्रामपंचायतीनं नवीन बोटीवर त्याला नेमलं होतं. ओशाळला होता बिचारा... आणि दिसायला बरा होता, खोटं कशाला बोलू?

"मालवणले समुद्रात बोटीवर होतो न मी. तिथं काठाशी लोक पोहते, म्हनून काठापासून लांब राहा म्हनते, मंग कितीबी पळवा."

"मंग इथं काहून लांब नाई राह्यले?"

"या काठापासून लांब गेलो का त्या काठाले लागतो! तलाव केवढासा हाय!"

मला हसूच फुटलं. माझ्या बाबांना मात्र राग आला. ग्रामसभेत बोट बंदच करा म्हणणार होते ते. आणि बोट बंद झाली की आदर्श परत मालवणला जाणार... हे कळलं नि माझं जेवणावरचं लक्षच उडालं. मग रोज काठावर जाऊन मी त्याला काहीबाही विचारू लागले. मालवणच्या आधी तो केरळातही बोटीवर होता.

"केरळात कसं असते?"

"तिथं घरं पान्याले लागून. लाटेनं काठ ढासळते, म्हनून हळू चालवा म्हनते."

"म्हंजे समुद्रात पोहनाऱ्यासाठी लांब, तिथं घरासाठी हळू. मंग आपल्या काठावर कोन हाय?"

"मेथीवाली," म्हणाला हळूच.

ग्रामसभेत बाबा बोलायच्या आतच तो उभा राहिला. "काठावरच्या मानसाचं तोंड वळखू आलं, का तिथूनच इंजिन बंद. पुढं वल्हं."

"हे चालते," बाबा म्हणाले. बोट वाचली!

दुसऱ्या दिवशी मी काठावर आले, तर बोट पार पलीकडे होती. तिथूनच इंजिनचा आवाज थांबला. घामाघूम होऊन, वल्हवत वल्हवत तो माझ्यापर्यंत आला.

"एवढ्या दुरून काहून बंद केलं? तिथून कोनाचं तोंड दिसते?"

"दुसऱ्या कोनाचं नाई दिसत..." तो धापा टाकत म्हणाला, "तुहं वळखू येते."

मला तो आवडत होता — फार आवडत होता.

"मंग हे बाबाले सांगाले घरी ये," मी म्हटलं. "अन् पायी ये... असा वल्हवत आला त येईस्तोवर उन्हाळा लागन."