पूरकहस्त

तांबडी लिफ्टवर चढवून इरफान मुजावरांनी तिची चारही चाकं हाताने फिरवून पाहिली, खालून बॅटरी मारून स्टिअरिंगचे सांधे तपासले आणि मग स्टुलावर बसलेल्या ऋजुताकडे वळून म्हणाले, "गाडीत काही खोट नाही."

"काका, तिने मला दरीत नेलं असतं."

"नेलं नाही ना? मग आधी चहा पी."

ऋजुताने कप घेतला. सकाळी जुन्या घाटात पहिल्या डाव्या वळणावर तिने स्टिअरिंग वळवायला घेतलं, तोच ते आपल्या आपण पुढे फिरलं. जणू दुसऱ्या कुणीतरी त्याला हात घातला होता. कठड्याचे दगड खिडकीला लागून गेले. त्यानंतर खाली उतरेपर्यंत तांबडी सतत डावीकडे, दरीच्या बाजूला ओढत राहिली आणि ऋजुता जिवाच्या कराराने तिला उजवीकडे धरून राहिली.

तांबडी म्हणजे तिच्या बाबांची, प्रतापराव सासनेंची गाडी. दिसायला चार दारांची साधी जपानी सेडान, पण बोनेटखाली शर्यतीचं इंजिन. बाबा आणि त्यांचे मित्र इरफानकाका यांनी कोल्हापुरात उद्यमनगरच्या याच वर्कशॉपमध्ये तिचा नट न् नट बदलला होता. शहरातल्या सगळ्या गाड्या आता स्वचल झाल्या होत्या. माणसाने त्यात नुसतं बसायचं. स्टिअरिंग हातात धरायची हौस असलेल्यांसाठी बोगदा झाल्यावर मोकळा पडलेला जुना घाट तेवढा उरला होता, तोही फक्त रविवारी सकाळी. थंडीत बाबा झोपेतच गेले. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. गुढीपाडवा झाल्यावर ऋजुताने पहिल्यांदा गाडीवरचं आच्छादन काढलं होतं.

"खोट नाही, मग ओढते कशी?" तिने विचारलं.

इरफानकाकांनी डॅशबोर्डच्या मागून हाताच्या पंजाएवढी काळी पेटी बाहेर ओढली आणि तिची वायर पडद्याला जोडली. "हा पूरकहस्त. मीच केलेला. आमची वयं झाली, घाट काही सोडवेना, म्हणून बसवला. तू मोजमापाच्या प्रयोगशाळेतली, तुला लगेच कळंल. माणसाला जिकडं जायचंय तिकडं त्याची नजर आधी जाते. ती इथला कॅमेरा टिपतो. हात तिथवर किती पोचला ते स्टिअरिंग सांगतं. या दोन्हींत जी तूट राहते ती हा भरून काढतो."

"म्हणजे तो चालवणाऱ्याचा हात शिकतो."

"हात नाही गं. हातात काय कमी आहे ते शिकतो. आणि तूट दिसल्यावर भरायला गेलं तर वळण निघून जातं. म्हणून मागच्या अनुभवावरून आधीच भरून ठेवतो. बाबाला जेवढं कमी पडायचं, तेवढं तो आजपण घालतोय. तुझे हात धडधाकट. तुला ते जादा होतंय."

पडद्यावर दोन रेषा उमटल्या. उजव्या हाताची जवळजवळ सपाट होती. डाव्या हाताची मात्र महिन्यामागून महिने खाली उतरत गेली होती, आणि शेवटी शेवटी एकदम खोल.

ऋजुता स्टुलावरून उठून जवळ आली.

"हे वय नव्हे," ती म्हणाली.

"नव्हे. वयानं दोन्ही बाजू मंदावतात." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "चेतातंतूंचं काहीतरी होतं त्याला. मी शेजारी बसत होतो, पोरी. दर रविवारी. गाडी नाकासमोर चालायची. मी म्हणायचो, प्रताप, तुझा हात अजून मुरलेला आहे."

"बाबांना माहीत होतं?"

"कसं कळणार? दुखत नव्हतं. बाकी कुठं हात लावून काही चालवायचं नाही. आणि इथं तूट पडली की ही पेटी भरायची." ते पेटीकडे बघत राहिले. "श्वासाचे स्नायूही त्याच तंतूंवर चालतात. झोपेत तेच थांबले असतील."

मग काकांनी पडदा बंद केला. "पुसून टाकतो. नाहीतर तसंच ठेवू. दोन-चार फेऱ्यांत तो जुनं विसरंल, तुझं शिकंल."

"नको."

"काय नको?"

"त्याचं शिकणं बंद करा. आहे तिथे कुलूप घाला. त्यात माझं काही मिसळायला नको." तिचा आवाज चढला नाही. "घरातले कपडे दिले, चष्मा दिला. बाबांचा हात एवढाच उरलाय."

"हात नाही म्हटलं ना, उणेपण आहे ते."

"असू दे. त्यांचंच आहे."

"ऋजुता, ऐक. शिकणं बंद केलं तर ही गाडी जगात एकाच माणसाला सरळ चालंल. आणि तो माणूस आता नाही."

"मला चालवता येईल. भार देऊन धरेन."

त्यांनी पुष्कळ समजावलं, रागावलेही. शेवटी तिच्यासमोर पेटीतली शिकणारी चकती उपटून काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "घे. आता हा दगड झाला. यापुढं ना शिकणार, ना विसरणार."

मग दर रविवारी ऋजुता भीत भीत घाट चढू लागली. बाकीचे दिवस ती प्रयोगशाळेत सराफांचे तराजू न बदलणाऱ्या प्रमाण वजनांशी ताडून बघे आणि संध्याकाळी तांबडीखाली पाठीवर झोपून राही. तिने पुढचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर कडक केले, झिजलेली रबरी बुशं बदलली, कार्ब्युरेटर उघडून धुतला. थंड इंजिन पहिल्या झटक्यात धरलं की तिला लहान मुलीसारखा आनंद व्हायचा. पण वळण जवळ आलं की ती आधीच उजवीकडे भार देऊन बसे. डावीकडे ती अदृश्य ओढ तयारच असे. घाटातले लोक थट्टा करत, "सासनेंची पोरगी गाडी चालवत नाही, गाडीशी कुस्ती खेळते!"

पावसाळा सरता सरता कुस्ती सोपी झाली. आधी खांदा दुखायचा थांबला. मग एका रविवारी घाट संपल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आज आपण दरीकडे पाहिलंच नाही. तिला वाटलं, भीती गेली. हात बसला.

दसऱ्याला हौशी मोटार मंडळाच्या सगळ्या गाड्या घाटाखालच्या सरळ रस्त्यावर जमल्या. पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली गेली, आणि मंडळाच्या रिवाजाप्रमाणे रस्त्यावर फक्कीची लांबलचक पांढरी रेघ मारण्यात आली. गाडीचं डावं चाक रेघेवर ठेवून शेवटपर्यंत न्यायचं. ज्याची रेघ मोडेल त्याने सगळ्यांना मिसळ द्यायची.

"ऋजुताताई, कट वेगळा सांगून ठेवा!" मंडळाचे चौगुले लाउडस्पीकरवरून ओरडले. "आज मिसळ तुमच्याकडंच दिसतीय!"

ती हसली. इरफानकाका शेजारच्या सीटवर बसले. तांबडी निघाली. ऋजुताने नजर रेघेच्या टोकावर ठेवली आणि स्टिअरिंग धरलं. ना ओढ, ना भार. चाक फक्कीवरून असं गेलं की जणू रुळावर आहे. शेवटच्या टोकाला टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बापाची पोरगी!" चौगुले ओरडले. "मागच्या दसऱ्याला प्रतापरावांनी अशीच नेली होती!"

ऋजुताने हसून शेजारी पाहिलं. काकांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तू हवा कमीजास्त केलीस? चाकांचा कोन बदललास?"

"नाही. काल तुम्हीच तपासलंत."

"भार दिलास आत्ता? उजवीकडं?"

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. भार तिने दिलाच नव्हता. कितीतरी रविवारांत दिला नव्हता.

"उतर," ते म्हणाले. "मला चालवू दे."

स्टिअरिंगवर बसून त्यांनी गाडी रेघेच्या सुरुवातीला परत आणली. रेघ धरून थोडं जाताच तांबडी डावीकडे झेपावली, चाक रेघ सोडून गवतात उतरलं. लोक खो खो हसले. "मुजावर, मिसळ तुमच्याकडं! पाव जास्त मागवा!"

काका हसले नाहीत. पेटीची वायर काढून ते शेजारच्या सीटवर आले. "आता तू चालव. सावकाश. ती बंद आहे."

ऋजुता बसली. तिने नजर टोकावर ठेवली, दोन्ही हात सारखे धरले. हात सरळ होते. तिला ते सरळ वाटत होते. ती रेघेवरून चालली होती याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

"अहो ताई, कुठं निघालात?" स्पीकरवर चौगुल्यांचा आवाज आला, त्यात आता थट्टा नव्हती.

काकांनी स्टिअरिंग पकडून हँडब्रेक ओढला. उजव्या बाजूची दगडी भिंत बोनेटपासून हातभर अंतरावर होती. पांढरी रेघ कुठल्या कुठे डावीकडे राहिली होती.

इंजिन बंद पडलं. ऋजुताने आपला डावा हात स्टिअरिंगवरून उचलून समोर धरला. बोटं मिटली, उघडली. काहीच वेगळं वाटलं नाही, आणि त्याचंच तिला सगळ्यात जास्त भय वाटलं.

काकांनी काही सांगायची गरज नव्हती. रोजचं काम होतं ते तिचं. प्रमाण वजन बदलत नाही. आज पारडी समान झाली असतील, तर बदललं ते दुसऱ्या पारड्यातलं.

"रक्तातून आलेलं दिसतंय," काका हळूच म्हणाले. "उद्या सकाळीच पुण्याला जायचं. मी येतो. बाबाला कळलंच नाही, तुला आत्ता कळलं. लई फरक पडतो त्यानं."

"किती, काका?"

"वेळेत कळलं की..."

"नाही, तसं नाही." तिने पेटीकडे बोट दाखवलं. "ती तूट त्यांच्या शेवटच्या फेरीची आहे. त्याच दिवसाची. आणि मी तिच्याशी तंतोतंत जुळते. गुंजभरही इकडे-तिकडे नाही."

काकांनी पेटीची सुटी वायर मुठीत धरली.

"शेवटची फेरी दसऱ्याचीच ना? त्यानंतर थंडी आहे म्हणून त्यांनी गाडी काढली नव्हती."

मागून हॉर्न वाजू लागले. पुढच्या पाळीची गाडी रेघेवर येऊन थांबली होती. मंडळाची माणसं हातात आपट्याची पानं घेऊन धावत येत होती, काय झालं, काय झालं, म्हणत. ऋजुता खिडकीची काच वर घेऊ लागली. डाव्या हाताने काकांच्या शर्टाची बाही घट्ट धरून ती मनातल्या मनात दसऱ्यापासूनचे महिने मोजत होती आणि मोजायचं थांबवू शकत नव्हती. मागच्या संक्रांतीला घरात तिळगूळ झाला नव्हता. बाबांना जाऊन तेव्हा तेरा दिवसही उलटले नव्हते.