फोटो कोणी काढला

वहिनींचा फोन आला तेव्हा ठकी जेवून भांडी घासत होती. भांडी म्हणजे ताट एक, वाटी एक, पातेली दोन. पाच मिनिटांचं काम; पण ती त्यात पंधरा मिनिटं घालवायची, कारण त्यानंतरची दुपार संपता संपत नसे.

ठकी हे तिचं घरचं नाव. बाहेर सगळे तिला एक्सरेबाई म्हणायचे. बत्तीस वर्षं तिने दवाखान्यातल्या एका बंद खोलीत लोकांची हाडं पाहिली. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "माणसं इतकी आतून पाहिली, आता बाहेरून काय बघायचं?" लोक हसायचे आणि विषय संपायचा. निवृत्त झाल्यावर तिने तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं. तिला ठकी म्हणणारा जगात एकच माणूस उरला होता, तिचा दादा. आणि गेल्या वर्षापासून तोही सगळं विसरत चालला होता.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, घरच्या फोटोंची एक वही करा. कोण कोणाचं काय लागतं ते मोठ्या अक्षरात लिहा आणि रोज दाखवा. थोडं धरून राहील म्हणे. मला ते कात्री-डिंकाचं काही जमत नाही. आणि जुने फोटो तर तुमच्याकडेच आहेत."

"करते की," ठकी म्हणाली. "मला तरी दुसरं काय काम आहे?"

तिने जाड पानांची मोठी वही आणली, रंगीत कागद आणले, फोटो अडकवायचे कागदी कोपरे आणले. दुपारी टेबलावर पसारा मांडला. पहिल्या पानावर आई-बाबा. खाली तिने ठळक अक्षरांत लिहिलं, "हे तुझे आई-बाबा. बाबांना राग लवकर यायचा, पण टिकायचा नाही." दुसऱ्या पानावर दादा आठ-नऊ वर्षांचा, त्याच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली ती, दोन्ही बाजूंना आई आणि बाबा. "ही तुझी बहीण. तू हिला ठकी म्हणतोस, कारण ही लाकडाच्या बाहुलीसारखी ठोकळा होती." लिहिताना तिला एकटीलाच हसू आलं. किती दिवसांनी त्या घरात कोणी हसलं होतं.

पाचव्या की सहाव्या पानावर तिचा हात थांबला.

नदीकाठचा फोटो होता. बाबा, आई, दादा आणि ती. चौघंही. तिने मागचं पान उलटलं. तिथेही चौघं. गच्चीवरच्या फोटोत चौघं, जुन्या घराच्या पायरीवर चौघं. घरात माणसंच चार. मग फोटो कोणी काढला?

'असेल कोणीतरी शेजारी,' ती मनाशी म्हणाली. पण घरात एकांत, नदीकाठी एकांत, दर वेळी शेजारी कुठून येणार? बाबांचा कॅमेरा डोळ्याला लावून बटण दाबायचा, साधा. आपोआप फोटो निघायची सोय त्यात नव्हती. हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण बाबा गेल्यापासून तो कॅमेरा तिच्याच कपाटात पडून होता.

बत्तीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. तिने भिंग काढलं, दिवा जवळ ओढला आणि एक्सरे पाहावा तसे फोटो पाहू लागली. मोठ्यांच्या नजरा किंचित खाली होत्या. पुऱ्या उंचीच्या माणसाकडे पाहताना नजर समोर जाते. हे कोणातरी बुटक्याकडे पाहत होते, साधारण सहा-सात वर्षांच्या मुलाइतक्या उंचीकडे.

नदीकाठच्या फोटोत ऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागून येत होतं. वाळूवर, अगदी खालच्या कडेला, फोटो काढणाऱ्याची सावली आली होती. वर उचललेली दोन कोपरं. आणि डोक्याच्या दोन बाजूंना दोन आखूड वेण्या.

ठकीने भिंग खाली ठेवलं. तिने सगळे फोटो तारखेप्रमाणे लावले. ती दुपट्यात होती तेव्हापासून ते तिच्या नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंत. बावीस वर्षं. बाबांचे केस पांढरे होत गेले, दादाला मिसरूड फुटलं, आईला चष्मा लागला. नजरा मात्र बावीस वर्षं त्याच उंचीवर होत्या. पलीकडचं माणूस एक बोटभरही वाढलं नव्हतं.

शेवटच्या फोटोत ती स्वतः होती, नवाकोरा पांढरा कोट घालून दारात उभी. तो दिवस तिला लख्ख आठवत होता. कोटाची कॉलर टोचत होती, आईने कपाळावर हात ठेवला होता. सगळं आठवत होतं. पण फोटोतली ती खाली, कोणाकडे तरी बघून खळखळून हसत होती, आणि समोर कोण होतं ते काही केल्या आठवत नव्हतं.

त्या रविवारी वही घेऊन ती दादाकडे गेली. बसने दोन तासांचा रस्ता. दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता. केस विस्कटलेले, स्वेटरची बटणं वरखाली लावलेली.

"कोण आलंय बघा," वहिनी म्हणाल्या.

त्याने ठकीकडे पाहिलं. "रक्त तपासायला आल्यात का?"

ठकीने हसून वेळ मारून नेली. वहिनी चहा करायला आत गेल्या. ती त्याच्याजवळ बसली आणि एकेक पान उलटू लागली. "हे बाबा. ही आई. हा तू." तो परक्या घरचा अल्बम बघावा तसा मान डोलवत होता. नदीकाठचं पान आलं आणि त्याने फोटोवर बोट ठेवलं. आईवर नाही, बाबांवर नाही. खालच्या कडेवर.

"आक्का," तो म्हणाला.

"कोण आक्का?"

"आपली आक्का गं. फोटो तिनेच काढलेत सगळे." त्याने मान वर केली. डोळे एकदम स्वच्छ झाले होते. "ठके, तू तिचं नाव कुठेच नाही लिहिलंस."

वर्षभराने त्याने तिला ठके म्हटलं होतं.

"दादा... मला कधी कोणी आक्काचं सांगितलं नाही."

"आईने शपथ घातली होती, ठकीला सांगायचं नाही म्हणून." तो आवाज खाली आणून बोलू लागला. "ती माझ्या पाठची. तापाने गेली. तू पोटात होतीस तेव्हा."

"गेली? मग फोटो... इतकी वर्षं..."

"गेली कुठे? राहिली ना घरातच. रडायची सारखी. कोपऱ्यातून आवाज यायचा. मग बाबांनी कॅमेरा हातात दिला. म्हणाले, हिला काम दिलं की ही गप्प असते." तो गालात हसला. "तू तर किती हसायचीस तिला बघून. मोठी झालीस आणि विसरलीस."

आत कपबश्यांचा आवाज होत होता. दादाने अचानक तिचं मनगट धरलं.

"कॅमेरा कुठे आहे?"

"माझ्याकडे. कपाटात."

"कधीपासून?"

"बाबा गेल्यापासून. चाळीसेक वर्षं झाली असतील."

दादाने तिचं मनगट सोडलं. मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं ती रडतेय... आणि तुला ऐकू आलं नाही?"

वहिनी चहा घेऊन आल्या तोवर त्याचे डोळे पुन्हा गढूळ झाले होते. ठकीने पेन मागून घेतलं आणि प्रत्येक पानाच्या तळाशी लिहिलं, "फोटो : आक्का." निघताना दादा म्हणाला, "रिपोर्ट कधी मिळेल?" ठकी म्हणाली, "उद्या." दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिने कपाट उघडलं. कॅमेरा सर्वांत मागे होता, जुन्या चादरींच्या खाली. त्याचा पट्टा गाठ मारून आखूड केलेला होता, लहान मुलाच्या गळ्यात बसेल इतका. ही गाठ तिने मारली नव्हती. आणि चामड्याचा तो पट्टा चाळीस वर्षं कोरड्या कपाटात राहूनही ओला होता. तिने नकळत बोट जिभेला लावलं. खारट लागलं.

पळून जावं असं तिला वाटलं. पण जाणार कुठे, आणि कोणाकडे?

तिने कॅमेरा उघडून पाहिला. आत रीळ नव्हतं. तो तिने स्टुलावर ठेवला. समोर आपली खुर्ची ओढली, केस विंचरले, पदर नीट केला आणि बसली. नजर थोडी खाली.

"आक्का..." ती म्हणाली. थोरल्या बहिणीला हाक मारायची तिची ही आयुष्यातली पहिली वेळ. "आक्का, मी ठकी. मला माहीत नव्हतं गं."

काहीच झालं नाही. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. खालच्या मजल्यावर कोणाचा तरी कुकर शिट्टी देऊन गप्प झाला. ती पाऊण तास बसून होती. शेवटी तिला स्वतःचीच कीव आली. म्हातारी बाई, दुपारी नटूनथटून रिकाम्या कॅमेऱ्यासमोर बसते, कोणी पाहिलं तर काय म्हणेल? ती उठली आणि पाणी प्यायला आत गेली. माठावरचं झाकण उचललं, एवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

खट्.

हातातला पेला निसटला. ती घाबरली, हे खरं. पण तोंडून जे निघालं ते भलतंच होतं. "थांब!" ती ओरडली. "थांब ना गं... मी बसले नव्हते!"

धावत ती बाहेर आली. खोलीत कोणी नव्हतं. कॅमेरा स्टुलावर होता तसाच, खुर्चीकडे रोखलेला. रिकाम्या खुर्चीकडे. तिने खुर्चीत बसायला हात टेकला आणि मागे घेतला. खुर्ची उबदार होती. ती उठून गेल्याला फार तर मिनिटभर झालं होतं, ती ऊब तिचीच असणार. असणारच.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी होत्या.

"वन्सं... हे गेले. आत्ताच. पाच मिनिटंही झाली नाहीत."

ठकी भिंतीला टेकली. "कसे?"

"शांतपणे. झोपले होते, अचानक उठून बसले. म्हणाले कंगवा दे. मी भांग पाडून दिला. मग नुसते समोर बघत होते, थोडं खाली, जमिनीकडे म्हणा ना. आणि हसत होते." वहिनींचा आवाज फुटला. "शेवटचं काय बोलले ते मला कळलंच नाही हो. तुम्हाला काही कळतंय का बघा. म्हणाले, ठकीची ही खुर्ची फार उंच आहे, पाय टेकत नाहीत माझे."

दादा या घरात कधीही आला नव्हता. आणि दादाचे पाय टेकणार नाहीत इतकी ती खुर्ची उंच नव्हती. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे मात्र टेकले नसते.

"वन्सं? ऐकताय ना? निघताय ना तुम्ही?"

"निघते," ठकी म्हणाली.

फोन तिने कानाला तसाच धरून ठेवला. मागे वळली नाही. कारण मागे, स्टुलाच्या बाजूने, बारीक किर्र... किर्र... असा आवाज येत होता. कोणीतरी नसलेलं रीळ सावकाश पुढे सरकवत होतं, पुढच्या फोटोसाठी. आणि त्या आवाजाच्या आड दोन लहान मुलं हळू आवाजात आपसांत ठरवत होती, तिला हाक कोणी मारायची.