लारासने न केलेली सही

अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काउंटरवरची मुलगी रजेवर, म्हणून लारास खाली आली. नाहीतर ती दिवसभर वर मशीनपाशीच. समोर बघते तर बागास — मलांग शहरात तिच्या गल्लीच्या तोंडाशी बीफच्या गोळ्यांच्या सूपची, बाक्सोची, गाडी लावणारा. हातात सीलबंद डबा.

"तुम्ही इथे असता, म्बाक?" तरुण मुलींना आदराने म्हणतात तसं तो म्हणाला, आणि गडबडलाच. "चार महिने माझ्याकडे खाताय, बोलला नाहीत ते."

"तुम्ही विचारलंत कुठे? नुसतं तिखट किती, एवढंच."

"तेवढंच धाडस होतं..."

मग त्याचा चेहरा पडला. कुणीतरी उठवलं होतं, बागासच्या गोळ्यांत डुकराचं मांस असतं. तीन दिवस एक गिऱ्हाईक नाही. त्याचे वडील मशिदीतसुद्धा मागच्या रांगेत, मान खाली घालून. आता हा रिपोर्टच काय तो वाचवणार.

लारासने गोळे वाटले, प्रोटीन काढलं, ते कापणारं एन्झाइम घातलं. तुकडे होतात, मशीन ते तोलतं, वजनांवरून जनावर कळतं. रोजचंच काम. पण आज डोळ्यांपुढे सारखा तो डबा.

दुसऱ्या दिवशी यादी आली. गाय, गाय, गाय... डुक्कर.

म्हणजे चार महिने आपणसुद्धा —? आणि तो? तो हसायचा, ते सगळं खोटं? खिडकीतून दिसलं, तो गेटापाशी उभा होता. वर बघून त्याने हात केला. तिला हात उचलवेना.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. डुक्कर खरं — पण प्रोटीन मांसातलं नव्हतंच. ते एन्झाइम होतं. ती फ्रीजकडे पळाली. नेहमीची बाटली, जनावराशिवाय बनवलेली, भरलेलीच होती. काल तंद्रीत तिने शेजारची उचलली होती... डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या एन्झाइमची.

गोळा न घालता नुसतं पाणी आणि तेच एन्झाइम चालवलं. पाण्यातही डुक्कर आलं.

तिने सरळ प्रमुख बाईंना, बू सुलास्त्रींना, सांगितलं. लक्ष कुठे असतं तुझं, म्हणून त्या खूप बोलल्या. लारासने खिडकीकडे बघायचं टाळलं. ही तपासणी तुम्हीच करा, असं मात्र तिने आपणहून म्हटलं. बूंनी पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. फक्त गाय.

बागासने रिपोर्ट दोनदा वाचला. मग तळाशी बघून घाबरला. "तुमची सही नाही... काही गडबड आहे का?"

"नाही. बूंची आहे, चालते."

"पण तुम्ही का नाही केली?"

"सहीच्या वर छापलंय, ते वाचा."

त्याने ओठ हलवत वाचलं. तपासणाऱ्याचा गिऱ्हाइकाशी कसलाही संबंध नाही.

"मला खोटं लिहिता येत नाही," लारास म्हणाली, आणि काउंटरवरचं पेन उगाच उघडून बंद केलं.

बागासने त्या ओळीवरून बोट फिरवलं. कान लाल झाले त्याचे.

"संध्याकाळी गाडी लावतोय," तो म्हणाला. "याल? वडील असतील. मला त्यांना सांगायचंय..."

"रिपोर्ट चांगला आला ते?"

"ते तर आहेच. पण ही छापलेली ओळ तुमच्या सहीवर का खोटी ठरली असती — तेही."