तीन मेल जास्त

मेलबॉक्स हलवणं म्हणजे घर बदलणं. लोकांना मी असंच समजावून सांगतो. जुन्या घरातलं सामान मोजायचं, नव्या घरात न्यायचं आणि तिथे पुन्हा मोजायचं. फरक इतकाच, की आपण सामान उचलून नेत नाही. त्याची नक्कल तिकडे मांडतो आणि सगळं जुळलं की मगच जुनं घर बंद करतो. हे एका फेरीत होत नाही. पहिल्या फेरीत डोंगर हलतो. पुढच्या फेऱ्यांत मधल्या काळात नवं काही आलं असेल तर तेवढं. शेवटची फेरी झाली की जुन्या सर्व्हरची वायर काढायची.

मोजणीत फरक पडतोच. एखादा मेल आतून खराब झालेला असतो, तो वाटेत गळतो. वीस हजारांत पाच-सात कमी भरले तर कुणी हरकत घेत नाही. एकवीस वर्षं मी हे काम करतो आहे. नव्या घरी सामान कमी पोचलेलं मी शेकडो वेळा पाहिलं आहे. जास्त पोचलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

या शाळेचं काम मी मुद्दाम घेतलं. इतरांनी पंधरा दिवस मागितले, मी आठ सांगितले. कारण होतं माझी ताई.

ताई त्या शाळेत अठरा वर्षं विज्ञान शिकवत होती. प्रयोगशाळा तिच्याच ताब्यात होती. दोन वर्षांपूर्वी तिथे गॅसचा भडका उडाला आणि एका मुलीचे दोन्ही हात भाजले. चौकशीत ताई म्हणाली, चौथ्या टेबलाचा नळ गळतो हे मी प्रशासकांना तीनदा मेलने कळवलं होतं. प्रशासक म्हणाले, मला एकही मेल आला नाही. तपासलं, तर खरंच एकही नव्हता. त्यांच्याकडे नाही आणि तिच्याकडेही नाही. ठपका ताईवर आला. अकरा महिन्यांनी ती गेली. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं. आई म्हणते, "खोटारडी ठरवून मारली माझ्या लेकीला."

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला एकच कागद हवा होता. संस्थेच्या शिक्क्याचा, आपली मुलगी खरं बोलत होती एवढं लिहिलेला. तो मिळवायला मी तिथे गेलो. आणि खरं सांगायचं तर, त्या माणसाला त्याच्याच खुर्चीत घामाने निथळताना बघायलाही. लग्नानंतर ताईचं आडनाव बदललं होतं, त्यामुळे मी तिचा भाऊ हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं.

सर्व्हरची खोली पहिल्या मजल्यावर, जुन्या नकाशांच्या कोठीमागे होती. किल्ली कारकूनबाईंकडे असे. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेल्या.

"भाऊ, तिसऱ्या पायरीला सांभाळा. हलते. लेखी कळवलंय, पण आमच्याकडे लेखी म्हणजे पाण्यावरची रेघ."

"कुणाला कळवलंत?"

"खोडरबरला." त्यांनी जीभ चावली. "म्हणजे, प्रशासकसाहेबांना."

प्रशासकांच्या टेबलावर धुळीचा कण नव्हता. एकाच उंचीच्या चार पेन्सिली ओळीने ठेवलेल्या. त्यांनी चारशे बारा नावांची यादी माझ्यापुढे सरकवली.

"सध्याची माणसं तेवढी न्या. गेलेल्यांचं ओझं नव्या घरात कशाला?"

"गेलेल्यांचं म्हणजे, साहेब?"

"सोडून गेलेले, निवृत्त झालेले, वारलेले. जुन्या यंत्राबरोबर जाऊ द्या सगळं."

ताईचा मेलबॉक्स मी पहिल्याच दुपारी शोधून काढला. तो होता. अठरा वर्षांचा मेलबॉक्स आणि त्यात नग शून्य. कुणीतरी झाडून पुसून नेला होता. मी बराच वेळ त्या शून्याकडे पाहत बसलो. मग यादीच्या तळाला तिचं नाव लिहिलं, चारशे तेरावं. त्यातून काही हाती लागणार नव्हतं. पण सगळी शाळा नव्या घरात जाणार आणि ती एकटी भंगारात, हे माझ्याच्याने होईना.

गुरुवारी सकाळी पहिली फेरी संपली आणि मी मोजणी तपासायला बसलो. ताई: जुन्याकडे शून्य, नव्याकडे शून्य. बाकीचे सगळे सारखे किंवा थोडे कमी. प्रशासक: जुन्याकडे अठरा हजार सहाशे चाळीस. नव्याकडे अठरा हजार सहाशे त्रेचाळीस.

मी पुन्हा मोजणी लावली. तीन जास्त.

उघडून पाहिलं. तिन्ही मेल ठळक अक्षरांत, न वाचलेले. तारखा दोन वर्षांपूर्वीच्या. "चौथ्या टेबलाचा नळ गळतो." "नळाबाबत पुन्हा कळवत आहे." "तिसऱ्यांदा कळवत आहे. मुलं लहान आहेत." पाठवणारी ताई. कुठला नग कुठून आला याची नोंद यंत्र ठेवतं. त्या तिघांपुढे ताईचाच मेलबॉक्स लिहिला होता. तोच, शून्य नगांचा.

पुसलेल्या मेलचे अवशेष सर्व्हरवर कधीकधी राहतात, हलवताना ते वर येत असतील, असं मी स्वतःला पायरीपायरीने समजावलं. तेवढ्यात वास आला. सडक्या कोबीसारखा, उग्र.

तो वास मी ओळखला. ताई मुलांना सांगायची, "बाळांनो, गॅसला स्वतःचा वास नसतो. माणसाला कळावं म्हणून तो मुद्दाम घालतात. वास म्हणजे कुणीतरी दिलेली हाक. हाक आली की उठायचं." मी उठलो. खिडकी उघडली, कोठी पाहिली, जिना पाहिला. भडक्यानंतर अख्ख्या इमारतीतली गॅसची नळी काढून टाकली होती. उरले होते फक्त प्रयोगशाळेतले कोरडे नळ.

तीन मेलचे कागद मी छापून घेतले. पण एवढ्याने भागणार नव्हतं. भावानेच बनवले, असं कुणीही म्हटलं असतं.

दुपारी प्रशासकांनी बोलावलं. त्यांच्या खोलीत तोच वास कोंडला होता. कारकूनबाई नाकाला पदर लावून दारातच उभ्या होत्या.

"साहेब, खिडकी उघडू का? वास मारतोय."

"कसला वास?" प्रशासक म्हणाले. त्यांना खरंच येत नव्हता. "अहो संगणकवाले, माझ्याकडे जुना कचरा आलाय. मी पुसलाय. पुन्हा दिसता कामा नये."

शुक्रवारच्या फेरीनंतर तिन्ही मेल पुन्हा होते. ठळक, न वाचलेले. त्यांनी पुसले. शनिवारी पुन्हा आले. त्या दिवशी ते स्वतः सर्व्हरच्या खोलीपर्यंत चढून आले. तिसऱ्या पायरीवर अडखळल्याचा आवाज मी ऐकला.

"यादीतून त्या बाईचं नाव काढा."

"कुठल्या बाईचं?"

"तुम्हाला माहीत आहे."

"चारशे तेरा नावं आहेत, साहेब. नाव सांगितल्याशिवाय कसं सापडणार?"

त्यांनी ताईचं पूर्ण नाव घेतलं. दोन वर्षांत त्या इमारतीत ते पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं गेलं असावं. त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब उभे होते. ते मी एकेक करून पाहिले.

नाव काढणं हे एका क्लिकचं काम होतं. मी म्हणालो, "आता मधेच काही काढलं तर सगळंच बिघडेल." हे खोटं होतं, आणि ते बोलताना मला बरं वाटलं.

सोमवारी उत्तरं सुरू झाली.

पहिलं उत्तर सकाळी दहाला, प्रशासकांच्या मेलबॉक्समधून ताईच्या पत्त्यावर गेलं. "नळ खराब आहे हे मला माहीत आहे. सुट्टीनंतर बघू." दुसरं साडेदहाला. "एकदा सांगितलेलं कळत नाही का? पुन्हा लिहू नका." त्या वेळी प्रशासक मुख्याध्यापिकांसमोर बैठकीत बसले होते. हात टेबलावर, फोन खिशात. कारकूनबाई तिथेच टिपणं घेत होत्या, म्हणून हे मला कळलं. प्रशासकांनी पासवर्ड बदलला. मी त्यांच्यादेखत दुसऱ्यांदा बदलून दिला.

"हे मी लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"पण हे खरं आहे का, साहेब?"

ते पेन्सिली सरळ करत राहिले. त्या सरळच होत्या.

तिसरं उत्तर मंगळवारी, मधल्या सुट्टीत गेलं. फक्त ताईला नाही, सगळ्या चारशे तेरा जणांना. "बाई, तुमचे तिन्ही मेल मी वाचले होते. मुलगी भाजली त्याच संध्याकाळी ते पुसायला मीच सांगितलं."

शिक्षकांच्या खोलीत एकामागून एक फोन वाजत गेले.

प्रशासक खोलीत नव्हते. शोधत शोधत आम्ही प्रयोगशाळेत गेलो. ते चौथ्या टेबलापाशी उभे होते आणि दोन्ही हातांनी कोरडा नळ दाबून धरला होता. बोटं पांढरी पडली होती.

"साहेब, सोडा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "त्यात गॅस नाही."

"सोडला तर येईल," ते म्हणाले. "तुम्हाला वास येत नाही का?"

आम्हाला कुणालाच येत नव्हता.

चौघांनी मिळून त्यांची बोटं सोडवली. नळावरून सुटली, पण मूठ उघडली नाही. इस्पितळातही ती तशीच आहे, असं ऐकतो. झोपेतसुद्धा. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

बुधवारी शेवटची फेरी झाली. मी जुन्या सर्व्हरची वायर काढली आणि त्याच्या डिस्क भोकं पाडून निकामी केल्या.

खाली कारकूनबाई माझी वाट पाहत होत्या. त्यांच्या हातात फोन होता.

"भाऊ, मलाही आला. विज्ञानाच्या बाईंचा. 'माझे मेल कुणी पुसले?' एवढंच विचारलंय." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "साहेबांनी सांगितलं आणि बटण मी दाबलं हो. मला भीती वाटली, नोकरी जाईल."

"मग?"

"मग काय करणार? खरं तेच लिहिलं. मी पुसले, चुकले, जिथे सांगाल तिथे सांगेन. पाठवलं आणि बघते तर त्यांचा मेलच नाही. कुठेच नाही."

संस्थेसमोर त्यांनी सगळं सांगितलं. दहा दिवसांनी शिक्क्याचा कागद आला. मी आईला तो दोनदा वाचून दाखवला. तिने शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "आता झोप लागेल मला." तिला खरंच लागली.

इथे मी थांबायला हवं होतं.

माझा स्वतःचा मेल त्या शाळेशी कुठेही जोडलेला नाही. दुसरी कंपनी, दुसरे सर्व्हर, कुठलीही फेरी नाही. कागद आला त्याच दुपारी तिथे एक मेल जास्त दिसला. ठळक अक्षरांत. ताईच्या शाळेच्या पत्त्यावरून. विषय: "ठोंब्या, कधी येतोस?"

ठोंब्या मला जगात एकटी तीच म्हणायची.

आत काय आहे ते न उघडताही मला ठाऊक होतं. ठपका आल्यावर तिने मला एकदाच काही मागितलं होतं. फोनवर म्हणाली, "तुला यातलं कळतं. एक दिवस ये, त्या सर्व्हरमध्ये बघ. माझे मेल तिथे नक्की सापडतील." मी कामात होतो. म्हणालो, "पुढच्या महिन्यात बघू, ताई." पुढच्या महिन्यातही तेच म्हणालो. मग तिने विचारणं सोडलं. आईला हे अजून माहीत नाही.

कारकूनबाईंना मी फोन केला, सहज चौकशी करावी तसा. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्हालाही आला असेल तर उत्तर देऊन टाका. खरं लिहिलं की जातो." मी म्हणालो, मला कशाला येईल?

नऊ दिवस तो मेल तसाच होता. मी उत्तर लिहायला बसायचो. "ताई, मला वेळ होता" एवढंच तर लिहायचं होतं. तेवढंच लिहवेना.

आज सकाळी पाहिलं, तर अक्षरं ठळक नव्हती. मेल वाचलेला दिसत होता.

मी पाठवलेल्या मेलची यादी उघडली. सर्वांत वर माझंच उत्तर होतं, सात वाजून चाळीस मिनिटांनी गेलेलं. त्या वेळी मी स्वयंपाकघरात आईच्या गोळ्या मोजत होतो. फोन बाहेरच्या खोलीत होता.

दोनच शब्द होते.

"आज येतो."